अजगराचे बाळंतपण

आपल्या भाषेने अजगरावर मोठा अन्याय केला आहे. कचेरीत एखादी फाईल महिनोन् महिने हलली नाही की ती अजगरासारखी पडून आहे असे आपण म्हणतो. कारभार सुस्तावला की अग्रलेखात अजगर हटकून हजर होतो. दिवाळसणाला आलेला जावई पुरणपोळीनंतर जरा आडवा झाला, तर सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत. पण धाकट्या मेहुण्याच्या ओठांवर अजगरच असतो. मराठी शिकवणे हा माझा धंदा असल्यामुळे या शब्दाचा पिच्छा मी पुष्कळ पुरवला आहे. 'अज' म्हणजे बोकड, आणि 'गर' म्हणजे गिळणारा. शब्दातच त्याचे जेवण येऊन गेले. कोकणाकडे त्याला 'आर' म्हणतात. त्या दोन अक्षरांत निदान निंदा तरी नाही.

पुराणांनीही त्याची बाजू फारशी घेतली नाही. महाभारताच्या वनपर्वात अगस्त्य ऋषींच्या शापाने इंद्रपदावरून घसरलेला नहुष अजगर होऊन पडला आहे, आणि तो चक्क भीमाला विळखा घालतो. दहा हजार हत्तींचे बळ तिथे चालत नाही. चालते ते धर्मराजाचे उत्तर. भागवताच्या अकराव्या स्कंधात मात्र अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये अजगराला मानाची जागा आहे. आपण होऊन जे पुढ्यात येईल त्यावर संतुष्ट राहावे, हे अवधूत त्याच्याकडून शिकला. नाथांनी या स्कंधावर भाष्य लिहून १५७३ साली काशीत ते पुरे केले. तेव्हापासून कीर्तनकारांच्या मुखाने हा विरक्त अजगर मराठी घरांत येऊन बसला आहे.

पण शापित असो, आळशी असो की विरक्त असो, आपला हा अजगर सदैव पुल्लिंगी. अजगराला मादी असते, ती अंडी घालते, आणि त्या अंड्यांपायी दोन महिने ती काय काय सोसते, हे ना पुराणात आले ना म्हणींत. माझ्याही डोक्यात ते कधी आले नसते. एका विद्यार्थ्याने ते आणले.

आमच्या अमरावतीच्या वर्गात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा तास संपल्यावर मागे रेंगाळला आणि म्हणाला, "सर, मले अजगर पोसाचं हाय. जोडी घेतो म्हनतो. पिल्लं झाली का इकता येते." म्हशी पोसणारे, कोंबड्या पोसणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, ससे पोसून बुडालेलाही एक पाहिला आहे. अजगराचा जोडधंदा करू पाहणारा हा पहिलाच. त्याने खिशातून मोबाइल काढून चित्रे दाखवली. पिवळेधमक, पांढरेशुभ्र, अर्धे पांढरे अर्धे तपकिरी असे ते साप, कुणाच्या तरी तळहातावर चेंडूसारखे गुंडाळी करून बसलेले. विकणारा कुठल्या तरी दूरच्या शहरातला होता आणि 'घरपोच' पाठवायला तयार होता.

इथे कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतही ती ठाऊक नसते. मेळघाटात, काटेपूर्णेच्या जंगलात, आपल्या नाल्याकाठच्या झुडपांत जो आढळतो तो भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याला मारणे तर सोडाच, पकडून घरात ठेवणे, विकणे, त्याची अंडी हलवणे हाही गुन्हाच. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड. हा कडकपणा उगाच आलेला नाही. एके काळी आपल्या देशातून सापांची कातडी परदेशी बायकांच्या पर्सा आणि पुरुषांचे जोडे होण्यासाठी गठ्ठ्यागठ्ठ्यांनी जात असत. १९७६ साली ती निर्यात बंद झाली.

माझ्या विद्यार्थ्याचा युक्तिवाद असा की, हा साप आपला नव्हेच, विदेशी आहे. ते खरे होते. तो 'बॉल पायथन', पश्चिम आफ्रिकेचा रहिवासी, चार-पाच फुटांच्या वर सहसा न जाणारा, स्वभावाने भित्रा. घाना, टोगो, बेनिन या देशांत गाभण माद्या रानातून धरतात, त्यांची अंडी उबवतात आणि पिल्ले पेट्यांत भरून जगभर धाडतात. अमेरिकेत आणि युरोपात त्यांची घरगुती पैदास हा एक मोठा उद्योग होऊन बसला आहे. पण विदेशी प्राण्यालाही आता आपल्याकडे कागद लागतो. २०२० साली केंद्र सरकारने अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने जाहीर करण्याची सवलत दिली. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नोंदणीचे नियम आले. त्याप्रमाणे अशा सापाची मालकी नोंदवावी लागते, मृत्यू कळवावा लागतो आणि पिल्ले झाली तर जन्मही नोंदवावे लागतात. पैदास करून विकायची तर परवाना वेगळा. ग्रामपंचायतीत माणसाच्या जन्माची नोंद करताना जी मारामार होते ती आठवून मला हसू आले. पण या हसण्याला दुसरी बाजू आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात, कपड्यांच्या घड्यांत, कापडी पिशव्यांत कोंबलेले असे साप चेन्नई-मुंबईच्या विमानतळांवर गेल्या काही वर्षांत वारंवार सापडले आहेत. 'घरपोच' येणारा साप कुठल्या वाटेने येत असेल, याचा अंदाज त्यावरून करावा. मी मुलाला म्हटले, "विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद माग." त्याने मागितला. त्या दिवसापासून विकणाऱ्याचा फोन लागेनासा झाला.

त्या पिवळ्या-पांढऱ्या रंगांचीही एक कथा आहे. रानात एखादेच पिल्लू रंगद्रव्याविना जन्मते आणि घारीच्या लगेच डोळ्यांत भरते. पेटीत ते जगते. मग त्याची बहिणीशी, पोरीशी, नातीशी गाठ घालून तो रंग पक्का करतात. कबुतरांच्या आणि कुत्र्यांच्या शौकीनांनी हेच केले. त्यात 'स्पायडर' नावाची एक नक्षी निघाली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असलेली, दिसायला देखणी. पण त्या नक्षीबरोबर एक व्याधीही येते. सापाचे डोके डुलते, मान पिळवटते, भक्ष्यावर घातलेली झडप चुकते. व्याधी ठाऊक असूनही ती पैदास वर्षानुवर्षे चालली, कारण गिऱ्हाईक होते. शौकाला दृष्टी असते पण डोळे नसतात असे मला कधी कधी वाटते.

आणि शौक सरला की? ब्रह्मदेशी अजगराचे पिल्लू दीड-दोन फुटांचे असते तेव्हा ते लडिवाळ दिसते; पाच-सहा वर्षांत ते बारा-पंधरा फुटांचे होते आणि घरच्या मंडळींचा धीर सुटतो. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लॉरिडा प्रांतात एव्हरग्लेड्स नावाची अफाट पाणथळ आहे. सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या अशा अजगरांनी तिथे आपले राज्य वसवले. २०१२ साली शास्त्रज्ञांनी रस्त्याकडेला दिसणाऱ्या प्राण्यांच्या मोजणीची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा रॅकून नावाचा एके काळी ढिगाने दिसणारा प्राणी शेकडा नव्याण्णवांहून अधिक घटलेला आढळला. त्याच साली ब्रह्मदेशी अजगर आणण्यावर तिथल्या सरकारने बंदी घातली. तोवर घोडा केव्हाच पळाला होता.

मग अजगराची वीण बंदिवासात पाहायची तर ती प्राणिसंग्रहालयातच. आपल्या देशात ते काम झालेले आहे. ओडिशातल्या नंदनकाननच्या पशुवैद्यांनी भारतीय अजगराच्या बंदिवासातल्या प्रजननाविषयी आणि वाढीविषयी १९७६ साली लिहिले. पुढे वन्यजीवांचे चित्रपट काढून नाव मिळवलेले शेखर दत्तात्री यांनी १९९० साली याच विषयावर लेख लिहिला. आपल्या पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी कात्रजला सर्पोद्यान उभे केले, तेव्हा शाळांच्या सहलींतून हजारो मुलांनी अजगर प्रथम जवळून पाहिला. त्याआधी हाफकिन संस्थेतल्या डॉ. देवरसांचे भारतातल्या सापांवरचे इंग्रजी पुस्तक १९६५ साली निघाले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याची जीर्ण प्रत मिळाली तर अवश्य चाळावी.

या मंडळींनी जे पाहिले त्याचा सारांश असा. थंडी पडली की अजगर जोडीदार शोधतो. नराच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस नखासारखे दोन काटे असतात. सापाच्या पूर्वजांना जे मागचे पाय होते त्यांची ही उरलीसुरली खूण. त्या काट्यांनी तो मादीच्या अंगावर हलके ओरखडत राहतो; हीच त्याची प्रियाराधना. गर्भ राहिला की मादी अन्न सोडते. कात टाकते. पुढे काही आठवड्यांनी, साधारण मार्च ते मे-जूनच्या दरम्यान, एखाद्या पोकळ खोडात किंवा सायाळीच्या बिळात ती अंडी घालते. अंडी कोंबडीच्या अंड्याहून चांगलीच मोठी, पांढरी, आणि कवच टणक नव्हे तर चामड्यासारखे. ती एकमेकांना चिकटून त्यांचा एक ढीग होतो. त्या ढिगाभोवती मादी वेटोळे घालते, वर झाकणासारखे डोके ठेवते, आणि बसते. पाण्यासाठी किंवा उन्हासाठी क्वचित उठली तर उठली, खाणे नाही.

आता खरी मौज पुढे आहे. साप हा थंड रक्ताचा प्राणी, हे आपण शाळेत शिकलो. तो स्वतःच बाहेरून ऊब घेतो. दुसऱ्याला काय देणार? लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी बंगालमध्ये हिंडत असताना त्याला अजगराची मादी अंड्यांना आपल्या अंगाची ऊब देते असे आढळले. १८३२ साली पॅरिसच्या पंडितांपुढे त्याने ते मांडले. पंडितांनी मान हलवली, पण होकाराची नव्हे. नऊ वर्षांनी, १८४१ साली, पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगराच्या मादीने अंडी घातली. व्हालाँसियेन या शास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यांत उष्णतामापक सरकवला, आणि पारा भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अंश वर चढला. प्रवासी खरा ठरला.

पण हे घडते कसे, याला आणखी सव्वाशे वर्षे लागली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीवर हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर या तिघांनी प्रयोग केला आणि १९६६ साली तो प्रसिद्ध केला. मादी भोवतालची हवा ३३ अंशांखाली गेली की थरथरू लागते. थंडीत आपण कुडकुडतो तसेच. अंगाचे स्नायू आखडतात आणि सैल होतात, पुन्हा आखडतात. त्या श्रमातून उष्णता निघते. हवा जितकी गार तितके आचके जलद. पोटात अन्नाचा कण नाही, आणि ही दिवस-रात्र स्वतःची चरबी जाळून शेकोटी पेटवत बसलेली. ही मादी ब्रह्मदेशी होती. तेव्हा तिला भारतीय अजगराचीच पोटजात मानत, आता वेगळी जात मानतात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची आपली रीत ज्यांनी पाहिली आहे, त्या आजीबाईंना हे सांगितले तर त्यांना नवल वाटणार नाही. फक्त इथे बाळंतीण आणि शेगडी एकच.

आणखी एक नवल. ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एका ब्रह्मदेशी मादीने नराचा सहवास नसताना लागोपाठ वर्षे अंडी घातली आणि त्यांत जिवंत गर्भ निघाले. तपासणीत ते हुबेहूब आईचेच नमुने ठरले. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. कुंतीला निदान मंत्र तरी म्हणावा लागला होता!

अंडी माणसाने उबवायची तर काही पथ्ये आहेत. उष्णता ३१-३२ अंशांच्या आसपास, हवा दमट पण अंड्यावर पाणी नाही, आणि मुख्य म्हणजे अंडे उलटायचे नाही. कोंबडी आपले अंडे फिरवते. सापाच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, ते उलटले की तो गुदमरतो. म्हणून अंडे उचलण्यापूर्वी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. पण सर्वांत चांगले म्हणजे उचलूच नये. केरळात कासरगोडजवळ २०२२ साली महामार्गाचे रुंदीकरण चालू असताना सायाळीच्या बिळात मादी चोवीस अंड्यांवर बसलेली आढळली, तेव्हा कंत्राटदारांनी त्या जागेचे काम चोपन्न दिवस थांबवले. आपल्याकडे साधा गतिरोधक हलवायला लागणारा वेळ पाहता हे काही फार नव्हे, पण इथे थांबण्याचे कारण निराळे होते.

प्रत्येक ठिकाणी असे थांबता येते असे नाही. २०२३ च्या एप्रिलअखेर अकोला जिल्ह्यात पातूरच्या बाजूला एका शिवारात नाला खोलीकरण चालू होते. खोदाईच्या यंत्राच्या पहिल्याच फटक्यात काठ ढासळला आणि बिळासकट अजगराची मादी उघड्यावर आली. माणसे ओरडली, दगड आले, ती घाणेरीच्या झुडपांत शिरली. अकोल्याचे आमचे एक स्नेही औषधांचे दुकान चालवतात आणि साप धरतात. वनखात्याने त्यांना बोलावले. त्यांनी आणि वनरक्षकाने रात्रभर लांब बसून वाट पाहिली. मादी परतली नाही. बावीस अंड्यांपैकी तीन चिरडली होती. सकाळी पंचनामा झाला, पेन्सिलीच्या खुणा झाल्या, आणि एकोणीस अंडी वनखात्याच्या एका रिकाम्या खोलीत आली.

न्यूयॉर्कच्या मादीपुढे प्रश्न उबेचा होता. अकोल्याच्या मे महिन्यात ऊब हा प्रश्नच नसतो. बाहेर ४४-४५ अंश, खोलीत ४१. पस्तिशीच्या वर फार वेळ गेला की पिल्लू अंड्यातच दगावते किंवा पाठीचा कणा वाकडा घेऊन येते. पुस्तकांत गरम करण्याचे दिवे आणि तारा सांगितल्या होत्या. इथे हवा होता गारवा, आणि तोही बेताचा. स्नेह्यांनी घरचा कूलर उचलून नेला. वहिनी मला म्हणाल्या, "पाहा भावजी, कूलर सापाच्या अंड्याले, अन् आमी बसलो पंख्याखाली!" पण कूलरला भारनियमन आडवे आले. मग आपल्या वऱ्हाडची जुनी अक्कल कामी आली. एक मोठा रांजण ओल्या रेतीत निम्मा पुरला, भोवती भिजवलेली गोणपाटे गुंडाळली, आत भोके पाडलेल्या डब्यात नारळाचा ओलसर भुसा, त्यात अंडी, आणि झाकणातून लोंबणारा उष्णतामापक. दिवसातून सहा वेळा पाहून वहीत आकडा लिहायचा. रात्री दोनचा आकडा वनरक्षकाकडे. मी मूर्तिजापूरमार्गे एस. टी.ने दोनदा गेलो तेव्हा ती वही पाहिली. बत्तीस, साडेबत्तीस, तेहेतीस, एकतीस. एका दुपारी छत्तीस, आणि त्यापुढे अक्षर थरथरलेले.

पाच अंडी खचली, त्यांना बुरशी आली. ती वेगळी काढली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका अंड्यावर ब्लेडने ओढावी तशी चीर पडली. पिल्लाच्या ओठावर एक तात्पुरता दात असतो, त्याचे हे काम. चिरेतून नाक आले, थबकले, पुन्हा आत गेले. एक-दोन दिवस ती अशीच अर्धी आत अर्धी बाहेर राहतात; उरलेला बलक अंगात मुरवायचा असतो. हात लावून मदत करायची नाही. स्नेहीबुवांचा स्वभाव उतावळा. त्यांना दुकानावर पाठवून दिले.

चार दिवसांत चौदा पिल्ले बाहेर आली. हातभर लांब, अंगावर ओल्या कातेची चकाकी, आणि आल्या आल्या फुत्कारून चावायला धावणारी. पहिली कात टाकेपर्यंत ती खात नाहीत, म्हणून त्यांना ठेवून घेण्याचे कारण नव्हते. पहिला पाऊस पडून गेला होता. त्याच शिवारात, नाल्याच्या वरच्या अंगाला, जिथे काठ खोदलेला नव्हता तिथे ती सोडायची ठरली.

गावातले दहा-बारा जण लांब उभे होते. एक म्हातारे शेतकरी पुढे आले आणि त्यांनी विचारले, "हे मोठे झाले का आमच्या बकऱ्या खातीन, त्याचं काय?" प्रश्न रास्त होता. वनरक्षकाने नुकसानभरपाईचा अर्ज कसा करायचा ते सांगितले; स्नेह्यांनी उंदीर आणि रानडुकराच्या पिल्लांचे नाव काढले. रानडुकरांनी त्या शिवारात भुईमूग किती उकरला होता हे सर्वांना ठाऊक होते. म्हातारबुवा काही बोलले नाहीत, पण गेलेही नाहीत. मग डबा आडवा केला. एक एक पिल्लू दगडांच्या फटींत शिरू लागले आणि वनरक्षक पंचनाम्यासाठी मोठ्याने मोजू लागला. तेरावर येऊन तो थांबला. चौदावे डब्याच्या कोपऱ्यात वेटोळे करून बसले होते. म्हातारबुवांनी आपल्या काठीचे टोक डब्याच्या बुडाला लावून तो हलकेच वर उचलला, आणि "चौदा" असे त्यांनीच म्हटले.